बाहेरून हात लावायचा नाही

९ सप्टेंबर, मंगळवार

दुकानाचे इंजिनीअर जयेशसाहेब, त्यांचा हुकूम झाला आहे की नव्या कामाची रोज नोंद ठेवायची. काय माप घेतलं, काय जमलं, काय बिघडलं. वहीसुद्धा त्यांनीच आणून दिली, जाड पुठ्ठ्याची. मापं मी डोक्यात ठेवतो, आजवर कधी विसरलो नाही. वही मात्र ठेवून घेतली. हिच्यात मी मला पाहिजे ते लिहिणार आणि कुणाला दाखवणार नाही.

काम असं आहे. इथे आखातात बुदैया गावात राहणाऱ्या नसीबा नावाच्या बाईंचं एक जुनं रिव्हॉल्व्हर आलं आहे. लहानसं, तळहातात मावेल एवढं. सिंगल ॲक्शन, म्हणजे दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मगच चाप दाबायचा. ते तिच्या वडिलांचं. वडील वारले. बाई स्वतः नेमबाजी करते आणि तिला वडिलांच्या हत्याराने एकदा निशाणा साधायचा आहे. पण त्या मापाची काडतुसं आता कोणी बनवत नाही. तेव्हा आजच्या, मिळणाऱ्या काडतुसाला चालेल असं ते बदलून द्यायचं. नळीच्या आत बारीक नळी बसवायची आणि काडतुसं बसतात ते फिरतं सिलिंडर नवीन करायचं. जुनं सिलिंडर जपून ठेवायचं आणि गिऱ्हाईकाला परत द्यायचं, म्हणजे कुणाला वाटलं तर सगळं पूर्ववत करता येतं. अशी कामं आता आमचं दुकान घेणार आहे. परवाने, कागद वगैरे मालक अमीर बघतो.

अमीर म्हणाला, "कैलास, ये अच्छा हुआ तो ऐसा बहुत काम आएगा. तेरा व्हिसा भी, इंशाल्ला."

माझा व्हिसा नोव्हेंबरात संपतो. मनालीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. मधेच सगळ्यांना गाशा गुंडाळून सावंतवाडीला जावं लागलं तर पोरीचं वर्ष गेलं. हे अमीरला मी तीनदा सांगितलं. तो इंशाल्ला म्हणतो. गेल्या वर्षी दुकानातल्या शंभूलाही इंशाल्ला म्हणाला होता. शंभू आता कणकवलीत रिक्षा चालवतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

पितृपंधरवड्यात मी नवं काम धरत नाही. अमीरला हे सांगायला गेलो तर तो चिडला. कसले पितर, कसला पंधरवडा, बाई घाई करते आहे. मग जयेश आत गेला आणि बराच वेळ बोलला. बाहेर येऊन म्हणाला, "कैलासदादा, झालं. घटस्थापनेला सुरू करा. तोवर मी ड्रॉइंग करतो."

म्हणजे बघा, त्याचं ड्रॉइंग तयार नव्हतं म्हणून मुदत मागितली आणि उपकार माझ्यावर. पुण्याची माणसं अशीच. आपलं घोडं कुणाच्या तरी पाठीवरून पुढे दामटायचं.

जाता जाता म्हणाला, "एक लक्षात ठेवा, बाहेरून हात लावायचा नाही. मॅडमनी मला दोनदा सांगितलंय."

हा इंजिनीअर होऊन दोन वर्षांपूर्वी इथे आला. मी त्याच्या आधीपासून इथे लेथवर उभा आहे. आणि हा मला सांगणार, हात कुठे लावायचा.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आज सुरुवात केली. रिव्हॉल्व्हर पूर्ण खोललं. हत्यार चांगलं आहे, कुणीतरी मन लावून केलेलं. पण बाहेरून दशा बघवत नाही. मुठीचं पितळ काळंकुट्ट, वर कुठे हिरवट, कुठे तपकिरी. अंगठा घासून घासून घोड्याच्या खाली एक खळगा पडलाय. पोलादावर जांभळट काळा थर. आमच्याकडे देवळातली समईसुद्धा इतकी कोणी दुर्लक्षित ठेवत नाही. मोठ्या घरची माणसं, नोकरचाकर, पण बापाच्या वस्तूवरून कधी फडकं फिरवलं नाही.

जुनं सिलिंडर काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

२८ सप्टेंबर, रविवार

झालं! आतली नळी परवाच बसली, आज नवं सिलिंडर झालं. आज मी स्वतःवर खूश आहे आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. घोडा ओढला की सिलिंडर एक घर फिरतं आणि नेमकं नळीसमोर थांबतं. ना पुढे ना मागे. तो थांबण्याचा आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. आयुष्यभर पंपाचे दांडे आणि बुश घासले, ते कुठल्या अंधारात बसवले गेले कोण जाणे. हे पहिलं काम, जे कुणीतरी हातात घेऊन बघणार.

जयेशने तपासलं. दिव्यासमोर धरून बघितलं, सगळी घरं फिरवून बघितली. म्हणाला, "दादा, हे मी शिकून करू शकणार नाही."

बरोबरच बोलला. पण हे त्याने अमीरसमोर म्हणायला हवं होतं. माझ्या कानात सांगून काय उपयोग?

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटी पोटातलं ओठावर आलं. जयेश म्हणतो, दसरा झाला की नव्या सिलिंडरला काळा रंग चढवू, म्हणजे ते जुन्या अंगात मिसळून जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

कुणाला कळणार नाही! मी केलेलं काम कुणाला कळू नये, हीच तर त्याची इच्छा. मी म्हटलं, "साहेब, नव्याला काळं कशाला फासायचं? जुन्यालाच उजळू या की."

तो घाईत होता, परवान्याच्या कागदासाठी मनामा शहरात जायचं होतं. "नको नको, दादा, बाहेरून काही नाही," म्हणाला आणि गेला. आयत्या बिळावर नागोबा.

उद्या खंडेनवमी. अमीर दरवर्षी आम्हाला दुकानात शस्त्रपूजा करू देतो, एवढं त्याचं मान्य केलं पाहिजे. अवजारं घासूनपुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. यंदा तर खरंखुरं शस्त्र आहे. ते पूजेत ठेवणारच. पण ते तसं काळं, मळकं देवापुढे ठेवायचं?

घरी चिंच मागितली तर बायको, रंजिता, विचारते, "कित्याक होई?"

म्हटलं, "पितळ घासूचा आसा. गिऱ्हाईकाचा."

"तेंका इचारलास काय?"

"घासूक कोण इचारता? उपकारच आसत तेंच्यावर."

तिने चिंच दिली. मग फळीवरचा तिच्या आईचा कुंकवाचा करंडा उचलून आत कपाटात ठेवला. तो करंडाही असाच काळा आहे. दर सणाला मी म्हणतो दे घासून देतो, आणि ती हात लावू देत नाही. बायकांचं काही कळत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आजचा दिवस माझा होता.

सकाळी लवकर जाऊन बसलो. पितळ चिंचेने आणि पितांबरीने घासलं. पोलादाला बारीक पॉलिश पेपर आणि तेल. हट्टी मळ होता, पिढ्यांचा. सुटता सुटत नव्हता. घोड्याखालचा तो खळगाही घासून सारखा केला. उजेडात धरलं तर माझं तोंड दिसलं त्यात. मग नवं सिलिंडर बसवलं आणि आता कुठे दोघं एकमेकांना शोभायला लागली. नवरानवरीसारखी.

लेथला हार घातला. कानशी, पाने, मायक्रोमीटर सगळं पाटावर मांडलं आणि मधोमध ते. वर झेंडूचं एक फूल. हळदकुंकू वाहिलं तेव्हा खरं सांगतो, डोळे भरून आले. माझे वडील कोयता पुजायचे, मी हे पुजतोय.

जयेश दुपारी आला. दारातच उभा राहिला. पाटाकडे बघतच राहिला. जळफळाट म्हणतात तो हाच. मग पुढे येऊन खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, हे कधी केलंत?"

"आज. बघा, कसं दिसतंय."

"आणि जुनं सिलिंडर? तेही घासलंत?"

"त्याला कोण विचारतो? पडलंय ड्रॉवरमध्ये."

तो उठला, ड्रॉवर उघडला, ते काढलं. तेलकट कागदात लहान मूल गुंडाळावं तसं गुंडाळलं आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. नंतर पूजेसमोर येऊन हात जोडले. प्रसाद घेतला, पण खाल्ला नाही, हातातच धरून बसला. माणसाने इतकंही जळू नये.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सुट्टी. रंजिताने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. मनालीला म्हटलं सोनं घे, आपट्याचं पान, बापाच्या पाया पड. "बाबा, आय ॲम स्टडीइंग," म्हणाली. वाकली मात्र. हिच्यासाठीच सगळं चाललंय.

५ ऑक्टोबर, रविवार

नसीबाबाई आज आली. पन्नाशीची असेल. काळा बुरख्यासारखा अबाया, साधी. जयेशने मला सांगितलं, "दादा, तुम्ही आतच थांबा, मी बोलतो." म्हणजे काम माझं आणि दाखवायला हा. मी काचेच्या आतून बघत राहिलो. मशिनच्या आवाजात ऐकू काही येत नव्हतं.

तिने रिव्हॉल्व्हरची पेटी उघडली. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, अंगठा घोड्याखाली ठेवून काहीतरी चाचपडत होती. मग चक्क नाकाशी नेऊन हुंगलं. आणि रडायला लागली.

मी आजवर खूप कामं केली, पण माझ्या कामाने कुणाला रडू आलेलं पाहिलं नव्हतं. काय वाटलं ते लिहिता येत नाही. वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं, बाई, हे मी केलंय. पण जयेश तिच्यासमोर मान खाली घालून, हात पुढे बांधून उभा. विनयाचं सोंग कसं करावं ते याच्याकडून शिकावं. सगळं श्रेय त्याने तिथे उभ्या उभ्या घेतलं. ती गेली ती माझ्याकडे न बघताच गेली.

तिला दारापर्यंत पोचवून जयेश आत आला. म्हणाला, "कैलासदादा, एक ऐका माझं. अमीरभाईंनी विचारलं की हे चकचकीत करायला कोणी सांगितलं, तर म्हणायचं जयेशने सांगितलं. बाकी एक शब्द बोलायचा नाही. प्लीज."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. म्हणजे चकाकीचं श्रेयसुद्धा याला हवं! निलाजरा म्हणावं की काय म्हणावं?

घरी सांगितलं तर रंजिताची भाकरी तव्यावर तशीच राहिली. "रडली? ती कित्याक रडली?"

"आनंदान. आणि कित्याक?"

"आनंदान रडणारा माणूस करणाऱ्याक भेटल्याशिवाय जायत?"

भाकरी करपली. मी तेवढं बोलून दाखवलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

अमीरने बोलावलं. तोंड नेहमीपेक्षा आंबट. "कैलास, ये चमकाने को किसने बोला?"

जिभेवर होतं की माझ्या मनानेच केलं. पण मग विचार केला, जाऊ दे. व्हिसाचे दिवस आहेत, जयेशशी वाकडं घेऊन कसं चालेल? हवं तर घेऊ दे त्याला ते श्रेय. दात आवळून म्हटलं, "जयेश साब ने."

"पक्का?"

"पक्का."

"खलास," म्हणाला अमीर आणि हाताने जा अशी खूण केली.

दिलं एकदाचं श्रेय. मला वाटलं होतं मन मोठं केल्याने बरं वाटेल, पण नाही वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात काहीतरी शिजतंय. अमीर आणि जयेश दार लावून बोलतात. एकदा अमीरचा आवाज बाहेरपर्यंत आला, अरबीत. जयेशचा आलाच नाही. बहुतेक कुठल्या व्यवहारात हात मारला असेल. खाई त्याला खवखवे.

नसीबाबाईने निशाणा साधला का, हे मी अमीरला विचारलं. तो म्हणाला, "काम करो." त्यानंतर असलं दुसरं कामही आलेलं नाही. आठवडाभर कुठल्या तरी फाटकाच्या बिजागऱ्या करतोय.

एक विचार मनात येऊन गेला. तो इथे लिहीत नाही, कारण त्यात अर्थ नाही. चकचकीत वस्तू कुणाला आवडत नाही?

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

आज मी घरात भांडलो.

कामावरून आलो तर पाटावर जयेश बसलेला. रांगोळी घातलेली, निरांजन लावलेलं, आणि माझी बायको त्याला ओवाळते आहे. टिळासुद्धा आईच्या करंड्यातल्या कुंकवाचा. तो करंडा तिने सख्ख्या भावासाठीही कधी बाहेर काढला नव्हता. आणि हिच्या डोळ्यांत पाणी. मला बघून जयेश गडबडीने उठला. "वहिनी, येतो मी," म्हणाला. हिने त्याला फराळाचा डबा दिला, तो घेऊन गेला.

म्हटलं, "ह्यो खयचो भाऊ तुझो? माझ्या ताटातला ओढून खाणारो?"

ती म्हणाली, "तुमका जा काय बोलूचा आसा ता बोला. पण तेच्याबद्दल माझ्यासमोर नको."

वीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मी ताट सरकवून उठलो. मनाली दार उघडून म्हणाली, "बाबा, कॅन यू नॉट शाऊट?" घरात सगळे एक झालेत आणि मी एकटा.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जयेश गेला. पुण्याला, कायमचा. म्हणे आईची तब्येत बरी नसते. सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याजवळ आला आणि आपल्या कपाटाची किल्ली दिली. "जुनं सिलिंडर आत आहे. मॅडम कधी मागतील तेव्हा द्या. त्याला काही करू नका, दादा. पुसूही नका."

म्हटलं, "नवीन नोकरी कुठे लागली?"

"बघू. लागेल."

लागली असणारच. असली माणसं वाऱ्यावर थोडीच उडी मारतात? जाताना मायक्रोमीटर मला देऊन गेला, स्वतःच्या पैशांनी घेतलेला. घेतला मी. वस्तूवर राग काढून काय होणार?

दुकान सुनंसुनं वाटलं दिवसभर. माणूस नावडता असला तरी सवयीचा होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिसा झाला! दोन वर्षांचा. अमीरने कार्ड टेबलावर फेकलं आणि म्हणाला, "मबरूक, मुबारक हो. अभी दिमाग से काम करो."

मी घरी जाताना हूरा भागातल्या दुकानातून मिठाई घेतली. शेवटी हाताची कला हाच माणसाचा खरा परवाना, असं मी जेवताना म्हटलं. मनालीने गळ्याला मिठी मारली. रंजिता देवापुढे दिवा लावायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी आत डोकावलो तर हात जोडून बसली होती. म्हटलं, एवढं काय मागतेस, सगळं मिळालं की. ती म्हणाली, "मागणंय नाय. माफी मागतंय."

कसली ते विचारलं नाही. चांगल्या दिवशी खोदून काढू नये.

१० डिसेंबर, बुधवार

हे आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

सकाळी अमीरने सांगितलं, नसीबा मॅडमना जुनं सिलिंडर हवंय, तू घेऊन जा आणि तिथेच बसवून दे. मी खूश. शेवटी मला बोलावलं. धुतलेला शर्ट घातला, कपाटातून तेलकट कागदाची पुडी काढली आणि दुकानाच्या गाडीने बुदैयाला गेलो. खजुरांच्या बागेच्या मागे घर. मोलकरणीने बसवलं, चहा आणला. बाई आली.

तिने पुडी माझ्या हातातून घेतली आणि उघडली. काळं सिलिंडर, तेच जांभळट तपकिरी डाग. ते तिने दोन्ही हातांत धरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग अंगठा फिरवत म्हणाली, "ये अबूया का हाथ है." अबूया म्हणजे माझे वडील, एवढं अरबी मला येतं. "रोज़ सुबह हाथ में लेते थे. ऊद का इत्र लगा हाथ. चालीस साल. सब इसमें था. वो रंग, वो ख़ुशबू, घोड़े के नीचे अँगूठे का निशान. बचपन में मेरा अँगूठा उसमें रखते थे."

मी चहाचा कप खाली ठेवला.

ती म्हणाली, "वो लड़का, इंजिनीअर. मैंने उसको बोला था, बाहर से कुछ नहीं करना. फिर भी उसने साफ़ करवा दिया. बोला, मॅडम, मैंने ऑर्डर दिया, मिस्त्री का क़सूर नहीं. मैंने बहुत ख़राब बोला उसको. उसके बाप को भी बोला. वो फिर यहाँ आया था, घर पे, माफ़ी माँगने. मैंने गेट नहीं खोला. धूप में खड़ा रहा, फिर चला गया." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम वही मिस्त्री हो?"

"हां, मॅडम."

"उसने बोला था तुम्हारा हाथ बहुत अच्छा है. उसको निकाल दिया ना अमीर ने? अच्छा किया. लेकिन अब मुझे बुरा लगता है."

सांगायला जागा होती. आमच्या मधे फक्त रिव्हॉल्व्हरची ती बंद पेटी होती. मी केलं, असे दोनच शब्द होते. मनात व्हिसा आला, मनाली आली, मार्च आला. ही बाई अमीरला एक फोन करेल आणि संपलं. हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे की माझी जीभ उचललीच नाही. मी भित्रा आहे. इतकी वर्षं मी स्वतःला तिखट समजत होतो.

मी पेटी उघडली. तिने एकही गोळी झाडली नव्हती. माझं नवं सिलिंडर जसं दिलं तसं आत होतं. आसाची दांडी ओढून ते बाहेर काढलं आणि जुनं बसवलं. माझ्या हातांनी. चकचकीत अंगात ते काळं सिलिंडर दिसलं, आणि खंडेनवमीच्या दिवशी मी काय घासून टाकलं ते मला पहिल्यांदा दिसलं.

नवं तिने कागदात गुंडाळून मला परत दिलं. "ये ले जाओ. अच्छा बना है, लेकिन मुझे नहीं चाहिए."

दुकानात येऊन ते ड्रॉवरमध्ये टाकलं, जिथे पूर्वी जुनं टाकलं होतं तिथेच. अमीरने विचारलं, "खलास?" म्हटलं, खलास.

घरी रंजिताला विचारलं, "तुका म्हायत होता?"

"होता."

"कधीपासून?"

"ती रडली म्हणान सांगितलास, तेव्हापासून. मगे मी जयेशाक इचारलंय. तेणा माका शपथ घातल्यान."

"आणि तू गप रवलंस?"

तिने फक्त मनालीच्या बंद दाराकडे बघितलं. आतून पाठांतराचा आवाज येत होता, इंग्रजीत. "परीक्षा मार्चात आसा," ती म्हणाली. "माका काय तोंड होता बोलूक?"

मला लाज वाटते. या वहीतली मागची पानं वाचली तर आणखी वाटते. फाडणार होतो. फाडली नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी. सकाळपासून फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. रंजिता बघत होती. काय बोलायचं ते ठरवलं होतं, आधी माफी, मग सगळं. शेवटी लावला.

जयेशने पहिल्याच घंटेला उचलला. "अहो कैलासदादा! व्हिसा झाला ना?" इतका आनंद त्याच्या आवाजात, जणू व्हिसा त्याचा.

"झाला."

"वहिनी बऱ्या आहेत? मनालीचा अभ्यास?"

"चाललाय. तुमच्या नोकरीचं काय?"

"बघतोय. मिळेल." मागे कुणीतरी म्हातारं खोकत होतं. "बोला ना, दादा. काय म्हणत होतात?"

रंजिता दाराला टेकून उभी होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

"काही नाही," म्हटलं, "पुण्यात थंडी पडली का?"

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हो, दादा. पडली."